डांगरे परिवार

“थोरलीचं कळलं आम्हाला. फार वाईट झालं हो,” असं म्हणत, माझ्या सुपारीसाठी आलेल्या निशिकांतच्या आत्याबाईंनी माझ्या आईचा हात हातात घेतला, तेव्हा माझी थोरली बहीण वैजू नगरला आपल्या मुलीला पोलिओचा डोस पाजायला रांगेत उभी होती.

आईनं मान खाली घातली. आत्याबाईंना ते दुःख वाटलं आणि त्यांनी आईच्या पाठीवरून हात फिरवला. जिवंत मुलीसाठी सांत्वन करून घेताना बाईचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पुन्हा बघायची इच्छा नाही.

“काविळीचं असंच असतं,” अप्पा म्हणाले. “चार दिवसांत सगळं संपलं.”

कावीळ अप्पांनी विचार करून निवडली होती. अपघात म्हटलं की लोक कुठे, कसा, गाडी कोणाची, असं विचारत बसतात. काविळीच्या फार खोलात कोणी जात नाही. दोन दिवसांपूर्वी त्यांनी माळ्यावरच्या ट्रंकेतून वैजूचा कॉलेजातला फोटो काढला, खांद्यावरच्या पंच्यानं बराच वेळ पुसला आणि बैठकीच्या भिंतीवर टांगला. हार घालायला आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग चंदनाचा हार त्यांनी स्वतःच घातला.

वैजूनं चार वर्षांपूर्वी मिलिंद साळवेशी रजिस्टर लग्न केलं होतं. मिलिंद नगरच्या पॉलिटेक्निकात शिकवायचा, सरळ माणूस, बोलायला जरा लाजरा. त्याची जात मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ती इतक्या वेळा उच्चारली गेली की मला तिचा वीट आलाय.

कोपरगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. लग्नाची भांडी घेतली की त्यांवर नाव टाकून द्यायचं हा या धंद्यातला रिवाज, आणि अप्पांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. विजेचं छोटं मशीन असतं, पेनासारखं धरायचं, घूं घूं करत पितळेवर अक्षर उमटत जातं. वैजू कॉलेजात होती तेव्हापासून तिच्या नावाची भांडी ते एकेक करून बाजूला ठेवत होते. ती गेली त्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद ठेवलं, आत बसून प्रत्येक भांड्यावरचं तिचं नाव घासून काढलं आणि त्याच जागी माझं टाकलं. अप्पांना काही वाया घालवलेलं आवडत नाही.

त्याच फुलपात्रांतून आम्ही वाशिमच्या पाहुण्यांना पाणी दिलं. निशिकांतनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं नाही. माझ्या नावावरून अंगठा फिरवत राहिला. घासलेली जागा हाताला खरखरीत लागते, कितीही पॉलिश मारा.

“इथं आधी दुसरं काही होतं का?” त्यानं हळूच विचारलं.

मी म्हटलं, जुनं भांडं आहे. तो हसला आणि पुढे काही बोलला नाही. मला तो आवडला होता, हे इथेच सांगून टाकते. समाजाच्या मेळाव्यात ओळख झाली, नंतर फोनवर बोलणं होत होतं. जेवताना काय वाचतेस असं विचारणारा मला भेटलेला तो पहिला मुलगा. आणि स्थळ वाशिमचं, म्हणजे आमच्या गावच्या गोष्टी जिथवर पोहोचल्या नव्हत्या तिथलं. जवळपासच्या सगळ्यांना वैजूचं माहीत होतं. म्हणून तर अप्पांनी वाशिम गाठलं.

आदल्या दिवशी मी अप्पांना म्हटलं होतं की निशिकांतला खरं सांगू या, तो समजून घेईल. ते म्हणाले, आधी सुपारी फुटू दे, मग मी स्वतः वामनरावांच्या कानावर घालतो. वामनराव म्हणजे निशिकांतचे वडील. अप्पा काही सांगणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. चहा झाला की मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवतात. तिथे निशिकांतला सगळं सांगायचं आणि मग त्यानं ठरवायचं, असं मी मनाशी घोकून ठेवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. चहा होईपर्यंत धीर धरायचा, एवढंच बाकी होतं.

चहा उकळत असतानाच निशिकांतची बहीण अर्पिता म्हणाली, “अप्पा, तुमचं खातं कुठलं ते दाखवा की. सुपारीचा फोटो आपण दोन्हीकडे टाकू.”

हे खातं म्हणजे अप्पांचं कौतुकाचं लेकरू. दुकानाच्या बिलांसाठी संगणक घेतला तेव्हा तो बसवायला आलेल्या मुलानं त्यांना ती साइट दाखवली, जिच्यावर त्या दिवसांत सगळं गाव होतं. अप्पा हरखले. पण खातं कोणाच्या नावानं काढायचं असं त्या मुलानं विचारलं तेव्हा म्हणाले, घरात रेशनकार्ड एक, मग हे वेगवेगळं कशाला? म्हणून खातं निघालं ‘डांगरे परिवार, कोपरगाव’ या नावानं. फोटोच्या जागी दुकानाची पाटी. पासवर्ड तिघांचा मिळून एक. अप्पा त्यावर समयांचे आणि घंगाळांचे फोटो टाकायचे आणि नातेवाईक खाली ‘छान’ लिहायचे. मी त्या खात्याकडे फिरकत नसे. कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीला होते, तिथे मी माझं वेगळं उघडलं होतं, कोणाला न सांगता. आईला मी संगणकावर भजनं लावायला शिकवलं होतं. तिचा संबंध तेवढाच, असा माझा समज होता.

अप्पांनी आनंदानं अर्पिताला मधल्या खोलीत नेलं. दार उघडंच होतं, बैठकीतून पडदा सरळ दिसत होता. मी ट्रे घेऊन तिच्या मागे उभी होते. खातं चालूच होतं. अर्पिता खुर्चीवर बसली आणि स्वतःचं नाव लिहायला तिनं वरच्या पांढऱ्या चौकटीत क्लिक केलं.

एक अक्षरही टाइप व्हायच्या आधी चौकटीखाली नावं उलगडली. त्या खात्यावरून आजवर जे शोधलं गेलं होतं ते. त्या साइटला वाटायचं, माणूस परत तेच शोधेल, तर त्याचे कष्ट वाचवावेत. पहिलं नाव होतं वैजयंती साळवे. त्याच्याखाली वैजयंती डांगरे. मग वैजयंती मिलिंद साळवे. मग वैजू साळवे नगर. दुसरं काही नव्हतंच त्यात. घंगाळ नाही, समई नाही, एक नातेवाईक नाही.

“ही कोण?” अर्पितानं सहज विचारलं. “डांगरे पण आहे की इथं.” आणि मी काही म्हणायच्या आत तिनं पहिल्या नावावर क्लिक केलं.

वैजू हसत होती. कडेवर मुलगी, मुलीनं करंगळी कॅमेऱ्यासमोर धरलेली, नखावर शाईची खूण. खाली लिहिलं होतं, आमच्या बाईसाहेबांचा आज पोलिओ डोस. तारीख त्याच दिवसाची.

आत्याबाई चष्मा सावरत आत आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मागे वळून बैठकीच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. वैजूच्या हनुवटीवर लहानपणी झोक्यावरून पडल्याची खूण आहे. ती दोन्हीकडे होती.

स्वयंपाकघरातून चहा उतू गेल्याचा वास आला आणि कोणी हललं नाही.

“डांगरे, हे काय आहे?” वामनरावांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

अप्पांना तेव्हा खरं सांगता आलं असतं. सगळं उघडं पडलंच होतं, लपवायचं काही उरलं नव्हतं. पण अप्पांनी वामनरावांना उत्तर दिलं नाही. ते आमच्याकडे वळले, माझ्याकडे आणि आईकडे.

“कोणी शोधलं हिला?” ते म्हणाले. “माझ्या घरात हे नाव कोणी शोधलं?”

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी शोधलेलं नव्हतं. मला गरजच नव्हती, वैजूचा नंबर माझ्याकडे होता, ऑफिसातून मी तिच्याशी बोलायचे आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी वैजूला बजावलं होतं. म्हणजे आई. मला एकदम भरून आलं. भजनं लावता लावता ही बाई बाकीचं सगळं शिकली, दुपारी आम्ही कोणी नसताना इथे बसून लेकीला बघत राहिली, आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाही.

“मी,” आई म्हणाली. “मी शोधलं. आई आहे मी तिची.”

“बघा,” अप्पा पाहुण्यांकडे वळून म्हणाले, जणू आता न्यायनिवाडा त्यांच्या बाजूनं झाला होता. “मी काळजावर दगड ठेवून जिचं नाव टाकलं, तिला ही बाई माझ्या पाठीमागं रोज बघत बसते. मी कुणाकुणाला आवरू?”

आत्याबाईंनी आईचा हात केव्हाच सोडला होता. “पोरीनं काय केलं ते तुमचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “पण जित्या पोरीला हार घातलात आणि आमच्याकडून रडून घेतलंत. असं कुठं असतं का हो?”

मला वाटतं, साळवे या आडनावाशीही त्यांचं भांडण असणारच. पण ते त्यांना काढावंच लागलं नाही. आम्ही त्यांना त्याहून मोठं कारण ताटात वाढून दिलं होतं. सुपारी तशीच तबकात राहिली. जाताना निशिकांतनं फक्त एवढंच विचारलं, “तुला माहीत होतं?” मी म्हटलं, हो, आज गच्चीवर सांगणार होते. आता कोणाला ते खरं वाटणार? त्यानं मान हलवली आणि तो चपला घालू लागला. अर्पितानं खुर्ची जागेवर सरकवून ठेवली, तेवढं मला आठवतं. चांगल्या वळणाची मुलगी होती.

पाहुणे गेल्यावर आईनं भिंतीवरचा फोटो काढला. हार चुलीत घालणार होती, मग गॅसच आहे हे लक्षात येऊन तिनं तो कचऱ्यात टाकला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. अप्पा मधल्या खोलीत एकटेच होते, दार लोटून. मला वाटलं, लाज वाटत असेल.

त्या दिवसापासून अप्पा आईशी बोलले नाहीत. ही बोलायची पद्धत म्हणून नाही म्हणत, खरंच बोलले नाहीत. आईला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय. आईला विचार, माझा सदरा कुठे आहे. दोघं एका खोलीत, मध्ये मी. कोणी पाहुणा आला आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायचे, ठरत आलं होतं, घरातल्याच माणसानं घात केला. आई समोर बसून ऐकायची. मी त्यांच्याशी खूप भांडले. आईनं मला प्रत्येक वेळी हातानं थांबवलं.

संगणक त्यांनी आठवड्याभरात मधल्या खोलीतून उचलून दुकानात नेला. बायकांच्या हाताला लागायला नको, असं म्हणाले. पुढे वर्षभरात धंद्यासाठी म्हणून नवा फोनही घेतला.

माझं लग्न झालं नाही ते त्या रविवारामुळे नाही. नंतर आलेली स्थळं मी स्वतः नाकारली. ज्या घरात पाणी द्यायच्या भांड्यावर माझ्याखाली माझी बहीण घासून टाकलेली आहे, त्या घरातून नटूनथटून बाहेर पडायचं माझ्या जिवावर यायचं.

सहा वर्षं अशी गेली. मग आईच्या किडन्या बिघडल्या. नाशिकच्या फेऱ्या करून ती घरी आली तेव्हा तिचं काही खरं नाही हे तिलाही कळलं होतं. एक दिवस दुपारी मी तिचे केस विंचरत होते. केस पार विरळ झाले होते, कंगवा डोक्याला लागू नये म्हणून मी हळूहळू फिरवत होते. पुढे दुकानात अप्पा कोणाच्या तरी भांड्यांवर नाव टाकत होते, मशीनची घूं घूं मागेपर्यंत ऐकू येत होती.

“तू फार मायेची गं हेमा,” आई म्हणाली. “इतकी वर्षं मी तुला बोलले नाही, वाटलं तुला अवघडल्यासारखं होईल. तू बघायचीस ना तिला, त्या संगणकावर. बरं केलंस.”

कंगवा माझ्या हातातच राहिला.

“मी नाही बघायचे, आई. तूच ना?”

“मी?” ती वळायचा प्रयत्न करत म्हणाली. “मला भजनाच्या पुढं कुठं काय येतं त्यातलं? आणि मला काय गरज. वैजू फोन करायची की मला, शेजारच्या मालपाणींच्या घरी, दर मंगळवारी. तुला कळू द्यायचं नाही म्हणून मीच तिला बजावलं होतं.”

“मग त्या दिवशी तू ‘मी’ का म्हणालीस?”

“मला वाटलं, तू आहेस. तुझी सुपारी होती. तुझ्यावर यायला नको.”

मी समोर येऊन बसले. सहा वर्षं मी तिला धीराची समजत होते आणि ती मला मायेची. पासवर्ड तिघांचा होता. दुकानातलं मशीन थांबलं, अप्पांनी भांड्यावर फुंकर मारली असेल, आणि पुन्हा सुरू झालं.

“म्हणजे त्यांना त्याच घडीला माहीत होतं,” आई म्हणाली, “मी खोटं बोलतेय ते.”

मी उठले. आईनं माझा हात धरला. नको, म्हणाली. मी आहे तोवर नको. मला आता कोणाचं काही ऐकायचं नाही. मग तिनं पाणी मागितलं. मी स्टीलच्या पेल्यातून दिलं, पितळेचं फुलपात्र उचलवेना.

त्यानंतर महिनाभरात ती गेली. अप्पा शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. अगदी शेवटी कॉटजवळ उभे होते, मला म्हणाले, आईला विचार काही हवंय का. तिचे डोळे मिटलेले होते. वैजूला मी कळवलं. तर अप्पांनी नातेवाइकांसमोर सांगितलं की ती घाटावर आली तर मी उठून जाईन आणि अग्नी कोणी द्यायचा ते तुम्ही बघा. वैजू आणि मिलिंद गोदावरीच्या पुलावर उभे राहिले. तिथून धूर दिसतो.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. मग मी ते ‘डांगरे परिवार’ उघडलं. पासवर्ड अजून तोच होता, बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं. वरच्या चौकटीत काही नव्हतं, स्वच्छ होतं. पण मी कॉलेजच्या ऑफिसात रोज संगणकावर बसणारी, एवढं मला ठाऊक होतं की चौकटीतली नावं पुसली तरी आत कुठेतरी सगळं तारीखवार राहतं. शोधलं की सापडतं. सापडलं.

वैजयंती साळवे. वैजयंती साळवे. पानंच्या पानं तेच. दुकान उघडल्यावर, दुपारी जेवणाच्या आधी. दिवाळीत. तिच्या वाढदिवसाला. मी वाचत मागे गेले, त्या रविवारापर्यंत. त्या दिवशीही होतं. पाहुणे गेल्यानंतरचं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, आईला घातकी ठरवून झालं होतं, आणि हा माणूस दार लोटून नातीची शाई लावलेली करंगळी बघत होता. आई गेली त्या दिवसाचंही होतं. घाटावरून आल्यावर, अंघोळीच्या आधी.

मला त्यांची कीव यायला हवी होती, असं कोणी म्हणेल. मला आली नाही. माझा नुसता संताप संताप झाला. प्रेम नसतं तर मी समजू शकले असते. प्रेम होतं, रोजचं होतं, आणि ते झाकायला त्यांनी माझ्या आईला वापरलं.

मी फोन घेऊन दुकानात गेले. अप्पा गल्ल्यावर बसले होते. मी पडदा त्यांच्यासमोर धरला आणि वर सरकवत राहिले. त्यांनी चष्मा घातला. वाचलं.

“हे मी पुसलं होतं,” ते म्हणाले. “त्या दिवसानंतर मी रोज पुसायचो.”

“तुमच्यासमोरून पुसलं जायचं. त्या साइटकडे राहायचं.”

त्यांनी फोन बाजूला सारला. मला वाटलं, आता आईचं नाव घेतील. एकदा तरी. मी तेवढ्यासाठीच उभी होते.

“ते माझं खासगी होतं, हेमा,” अप्पा म्हणाले. “कुणाला विचारून उघडलंस तू?”

खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. माणूस एकटा असताना काय बघतो हे कोणी लिहून ठेवू नये, कोणी वाचूही नये. त्या साइटला तो अधिकार कोणी दिला नव्हता, मलाही नव्हता. पण सहा वर्षं एक बाई त्यांच्या खासगीपणाचं भाडं भरत होती, एक शब्दही न ऐकता, आणि त्यांना वाईट वाटलं ते कुलूप उघडल्याचं. मी माझा फोन उचलला आणि मागे घरात आले.

त्या संध्याकाळी मी वैजूला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“मला वाटायचं, विसरले असतील,” ती म्हणाली. “म्हातारा माणूस, एकदा मनातून काढलं की काढलं. तेवढ्यावर मी त्यांना सोडून दिलं होतं. आता कळतंय की माझ्या शमिकाचे दात पडलेले त्यांनी बघितलेत, तिचं पहिलीचं दप्तर बघितलंय. सगळं घेतलं आमच्याकडून, फुकटात. आणि मला पुलावर उभं केलं.”

मी म्हटलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, काही नाही. मिलिंदला विचारते, ते बंद कसं करतात.

दोनतीन दिवसांनी मी डबा द्यायला दुकानात गेले. अप्पा फोन डोळ्यांपासून लांब धरून बोटानं पुन्हा पुन्हा दाबत होते. मला पाहून त्यांनी तो लपवला नाही. आता लपवायचं कोणापासून? उलट माझ्याकडे न बघता फोन पुढे केला.

“हे नीट चालत नाहीये,” ते म्हणाले. “काय बिघडलंय बघ जरा.”

मी पाहिलं. चौकटीत वैजयंती साळवे लिहिलेलं होतं. खाली तिचं नाव होतं, फोटोच्या जागी राखाडी गोल, आणि त्याखाली रिकामं. शमिका नाही, दप्तर नाही, काही नाही. एक छोटं कुलूप तेवढं होतं.

“काही बिघडलेलं नाही, अप्पा,” मी म्हटलं. “तिनं खासगी केलंय.”

त्यांनी फोन घेतला. थोडा वेळ हातात धरला आणि मग गल्ल्यावर पालथा ठेवला. दारात एक बाई तांब्याचा हंडा घेऊन उभी होती, मुलीच्या लग्नाचा होता. अप्पांनी मशीनची वायर बोर्डात लावली, हंडा मांडीवर घेतला आणि त्या बाईला विचारलं, नाव काय टाकायचं?